पाय धुवून ये, बाई

पोरगी पाहायला गेले की मी आधी तिला पाय धुवायला लावायचे. "आमीपण धुतो, तूपण पाय धुवून ये, बाई," असं गोड बोलून. न्हाणीपासून बैठकीपर्यंत फरशी असतेच, शहाबादी असो नाहीतर टाइल्स. पोरगी ओल्या पायांनी चालत आली की मागे ठसे उमटतात आणि ते वाळायच्या आत मी पाहून घ्यायचे. तळव्याचा मधला भाग कोरडा राहिला तर पोरगी चांगल्या पायाची. अख्खा पाय उमटला तर सपाट पायाची, म्हणजे घराला जड. चहा येईपर्यंत माझा निकाल लागलेला असायचा. पोहे मात्र मी पूर्ण खायचे, त्यांचा काय गुन्हा?

आमच्याकडे मुलाला लग्न झालेली थोरली बहीण असली की पोरीला आत नेऊन तीच पाहते. माणसं बाहेर बसून पाऊसपाणी आणि सोयाबीन बोलतात. आतलं काम बाईचं. वेणी सोडायला लावायची, गंगावन तर नाही ना. माठातलं पाणी आणायला सांगायचं, हात थरथरतो का. पाठीमागून हळूच काहीतरी विचारायचं, ऐकू येतं का. भावकीत माझं नाव होतं. चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, सगळ्यांसाठी पोरी मीच पाहिल्या. माझं सासर जवळा बाजारचं, माहेर गोरेगावजवळचं, आणि या दोन्हींच्या मधल्या गावांत मी नाकारलेल्या पोरी आता लोकांच्या बायका होऊन राहतात. त्यातली एक एस.टी.त भेटते. शेजारची जागा रिकामी असली तरी तिच्यावर पिशवी ठेवून खिडकीबाहेर बघत बसते.

एकीला मी नाकारलं, कारण ती फार हसली. दुसरीला, कारण ती हसलीच नाही. तिसरीच्या आईनं माझ्या साडीची किंमत विचारली होती. पण घरी येऊन कारण सांगितलं ते पायाचं. रंगरूपावर लोक वाद घालतात, पायावर कोणी उलटून बोलत नाही.

ही विद्या मला माझ्या नणंदेनं दिली. लग्नाआधी तिनं माझे दात, केस, चाल सगळं तपासलं होतं, पाय तेवढे राहून गेले. लग्नानंतर पाचव्या दिवशी मी न्हाणीतून ओल्या पायांनी स्वयंपाकघरात आले आणि ती पोळपाट हातात धरून फरशीकडे बघत राहिली. माझा पाय सपाट आहे. टाचेपासून बोटांपर्यंत अख्खा उमटतो. पुढे माझे दोन गर्भ पोटातच गेले. दोन्ही वेळा ती दवाखान्यात आली, खाटेच्या पायथ्याशी बसली आणि माझ्या पायांवर चादर ओढून म्हणाली, "झाकून ठेव गं." त्यानंतर मला दिवस गेलेच नाहीत.

त्यामुळे माझं लेकरू म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो जन्मला तेव्हा मी दहा वर्षांची होते. ओट्यावर बसले होते, गुरं रानातून घरी येत होती, आणि आतून मावशीनं ओरडून मला घड्याळ बघायला सांगितलं. साडेसहा वाजले होते. त्याची पत्रिका काढायचं घरात कोणाला सुचलं नाही, ती वेळ फक्त माझ्या डोक्यात राहिली. तो चार वर्षांचा असताना आई गेली. त्याला न्हाऊ घालायचं, त्याच्या शेंबडापासून शाळेपर्यंत सगळं मी केलं, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन जाईपर्यंत. वडील माझ्या शब्दाबाहेर नव्हते. तोही नव्हता. ते मला फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

तो अठ्ठावीस वर्षांचा असताना हिंगोलीला अभ्यासिकेत बसायचा, तलाठ्याच्या परीक्षेसाठी. भाऊबीज करून मला मोटारसायकलवर सासरी सोडायला निघाला आणि औंढ्याला चहाला थांबला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "ताई, एक पोरगी हाय."

"कुठली?"

"शिरड शहापूरची. हिंगोलीत शाळेवर शिकवती. अभ्यासिकेत येती. जातीचीच हाय. देवक वेगळं हाय, मी विचारून घेतलं."

त्यानं सगळं विचारून घेतलं होतं. आडवं येईल असं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मी विचारलं, "कवापासून?"

"दोन वर्षं झाली." मग कपाकडे बघत म्हणाला, "तू जाऊन ये. तू हो म्हणलीस की झालं. तू न्हाई म्हणलीस तर मी परत तिचा विषय काढणार न्हाई. शब्द हाय माझा."

दोन वर्षं. मी दर आठवड्याला फोन करत होते, जेवलास का, झोपलास का, आणि हा दोन वर्षं एका पोरीशेजारी बसून अभ्यास करत होता. मी उरलेला चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, "बघते की."

पुढच्या रविवारी मी आणि माझे मालक शिरडला गेलो. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. गिरणी बंद करून आले तरी भुवयांवर पीठ होतं, त्यांना ते कळलं नव्हतं आणि मी सांगितलं नाही. पोरगी उंच होती, सावळी, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी. चहा छान केला. मी तिला आत नेलं, केस पाहिले, कमरेपर्यंत होते, स्वतःचे. मग म्हणाले, "पाय धुवून ये, बाई."

ती धुवून आली. फरशी काळी होती, ठसे स्वच्छ दिसले. टाच, बाहेरची कड, पाच बोटं आणि मधे कोरडी जागा. इतका चांगला पाय मी एवढ्या पोरींत पाहिला नव्हता. मी मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती.

"त्यानं सांगितलं व्हतं मला, तुमी पाय पाहता म्हणून," ती म्हणाली. रागानं नाही, थट्टेनं. मग तिनं तांब्या भरून आणला. "आता तुमी धुवा, ताई. ताटं वाढलीच हायेत."

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी न्हाणीत पाय धुतले आणि चालत आले. ती मागे वळून फरशीकडे बघत होती.

"तुमचा तर अख्खा उमटतो की, ताई," ती म्हणाली. "मंग बघा, काय व्हतंय त्यानं? चांगला चाललाय ना तुमचा संसार."

तिला काही माहीत नव्हतं. माझ्या दोन बाळांचं भावानं तिला सांगितलं नसणार, तो अशा गोष्टी बोलत नाही. तिला मला धीर द्यायचा होता, किंवा पायाबियाचं काही खरं नसतं असं पटवायचं होतं. शिक्षिकाच ती. एवढी वर्षं नणंदेनं जे चादरीखाली झाकून ठेवायला लावलं होतं, ते या पोरीनं दिवसाउजेडी फरशीवर वाचून दाखवलं. मला फार लागलं. मी खाली बसून जेवले. वांग्याची भाजी उत्तम झाली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि तेव्हाच ठरवलं की ही पोरगी आमच्या घरात येणार नाही.

संध्याकाळी भावाला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"जमणार न्हाई," मी म्हणाले.

"काहून?"

"पाय सपाट हाय तिचा. अख्खा उमटतो."

माझा पाय मी तिच्या नावावर केला. जीभ अडखळलीसुद्धा नाही. मग तो म्हणाला, "तू नीट पाहिलंस?"

"डोळ्यानं पाहिलं."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पोरीच्या वडिलांना मालकांनी कळवलं की पत्रिका जुळत नाही. आमच्याकडे नकार असाच देतात. पोरगी काळी आहे, बाप गरीब आहे, आईचं तोंड चालतं, काहीही असो, सांगायचं ते पत्रिका जुळत नाही. ऐकणाऱ्यालाही कळतं. तो "देवाची मर्जी" म्हणतो आणि दोन्हीकडची अब्रू राहते. खरंच जुळते की नाही हे आजवर कोणी तपासायला गेलं नव्हतं. तपासणार काय, भावाची पत्रिकाच नव्हती.

आठेक दिवसांनी भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "ताई, मी किती वाजता जन्मलो गं? एका फॉर्मवर लागून राहिलंय." मी गुरांची, ओट्याची, घड्याळाची गोष्ट पुन्हा सांगितली. मला ती सांगायला आवडते. "साडेसहा लिही," म्हणाले.

त्याच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दारात कोथिंबीर निवडत बसले होते. मालक बाजारात गेले होते. ती पोरगी एकटीच आली. हातात कापडी पिशवी, जणू बाजारालाच आली होती. मी "बस" म्हणाले नाही. तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. हिंगोलीत कुठल्या तरी दुकानात काढलेला, छापील, दोन कुंडल्या शेजारी शेजारी.

"छत्तीसपैकी एकतीस गुण जुळतात, ताई," ती म्हणाली. "जोशीबुवापण म्हणले, अशी जोडी कमी पाहायला मिळती. आता खरं कारण सांगा."

असं कोणी करत नाही. नकाराचं कारण विचारायला पोरगी स्वतः दारात येत नाही, आणि सभ्यपणे सांगितलेलं खोटं कागदावर मोजून कोणी आणत नाही. तिचा आवाज मात्र साधा होता. तिला भांडायचं नव्हतं. ती म्हणाली, "माझं काय चुकलं तेवढं सांगा. मी तुमाला काही लागेल असं बोलले का त्या दिवशी? बोलले असंन तर पाया पडते."

म्हणजे तिला अंदाज आला होता. तिथे मी "व्हय, लागलं" एवढंच म्हणाले असते तर ती खरंच पाया पडली असती, आणि आज माझ्या माहेरच्या ओट्यावर दोन पोरं खेळत असती. पण ती पाया पडली असती ती त्याच पायांच्या, आणि मला ते नको होतं.

मी म्हणाले, "कारण माझं न्हाई, बाई. त्यालाच तू नको व्हतीस. तुला तोंडावर सांगवंना म्हणून मला पुढं केलं."

तिनं विचारलं, "त्यानं म्हणलं असं?"

"माझ्यापाशी म्हणला."

"रंगाचं म्हणला का?"

तो शब्द तिनंच काढला. मला शोधावासुद्धा लागला नाही. मी मान हलवली.

तिनं पाणी मागितलं. मी आणून दिलं. तिनं उभ्यानं पिऊन पेला दारातच पालथा ठेवला आणि फाटकातून बाहेर पडली. कागद कोथिंबिरीच्या काड्यांवर राहिला. मला त्या वेळी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. रात्रीच्या वरणात मी ती कोथिंबीर घातली. कागद मात्र फाडला नाही, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. का, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, नांदेडकडं कुठंतरी. भावानं परीक्षा सोडली आणि शेतीवर येऊन बसला. त्यानं शब्द पाळला, तिचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मी त्याला समजूतदार म्हणत होते.

मग मी त्याच्यासाठी पोरी शोधायला लागले आणि हसं झालं. मी पाहत होते तो काळ निघून गेला होता. आता पोरीवाले पाहतात. पोरगा शेतकरी म्हणल्यावर अर्धे फोनच उचलत नाहीत. उरलेल्यांच्या आया घरी येतात, संडासाचं दार उघडून बघतात, पुण्यात फ्लॅट आहे का विचारतात, भावाला "केस काहून गळून राहिले तुमचे?" असं तोंडावर विचारतात. एका पोरीनं त्याला उभं राहायला सांगितलं, उंची पाहायला. तो उभा राहिला. मी शेजारी बसून बिस्किटाचा पुडा फोडत होते. दोन-चार दिवसांनी फोन येतो, पत्रिका जुळत नाही. मी "देवाची मर्जी" म्हणते. आता तो सदतीस वर्षांचा आहे. अशा पंधरा-सोळा ठिकाणी तरी आम्ही जाऊन आलो. दर वेळी तोच मला घ्यायला येतो. मी एकदा म्हणाले, वडिलांना घेऊन जा. तो म्हणाला, "न्हाई, तूच चल. पाहायचं काम तुझंच हाय."

यंदा एका वधू-वर केंद्राचा फॉर्म भरताना जन्मवेळ लिहायची होती. मला ती पाठच आहे. पण लिहिता लिहिता आठवलं की छापील पत्रिका आपल्याकडे आहे, तीच जोडून द्यावी. साड्या उचलून कागद काढला. इतक्या वर्षांत मी त्यावरचा एकतीस हा आकडा सोडून काही वाचलं नव्हतं. डाव्या बाजूला मुलगी, उजव्या बाजूला मुलगा. मुलाच्या नावाखाली लिहिलं होतं, जन्मवेळ सायंकाळी ६.३०.

तेव्हा ही वेळ माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हती. मी ती एकालाच सांगितली होती, फॉर्मसाठी. म्हणजे पत्रिका तिनं एकटीनं काढली नव्हती. त्यानं माझ्याकडून वेळ घेऊन तिला दिली होती. ती माझ्या दारात येणार हे त्याला ठाऊक होतं. त्या बाजाराच्या दिवशी मी कोथिंबीर घालून वरण करत होते तेव्हा तो माझ्या फोनची वाट बघत बसला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं मी माहेरी गेले. तो शेतातून येऊन ओट्यावर बसला होता. वडील आत झोपले होते. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं उघडलासुद्धा नाही.

"एकतीस," तो म्हणाला.

"तुला माहीत व्हतं?"

"व्हय. मी शब्द दिला व्हता, मला बोलता येत नव्हतं. म्हणलं, कागद पाहून तू आपण होऊन हो म्हणशील."

"अन् पायाचं?"

"तिचा पाय मी पाहिला व्हता, ताई. एकदा शेत पाहायला आली व्हती, पाणी चालू व्हतं, वाफ्यातून निघून दगडावर चढली. ठसा मधून कोरडा व्हता." हे तो अगदी शांतपणे सांगत होता. "तू फोनवर सांगितलंस तवाच कळलं, कुणाचा पाय सांगून राहिलीस ते."

"मंग तवाच बोलला काहून न्हाईस?"

"तुझ्या दोन लेकरांचं माहीत व्हतं मला. कसं बोलू?"

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तो पायाच्या अंगठ्यानं ओट्यावरची माती सारत राहिला. मग म्हणाला, "एकच माहीत न्हाई. त्या दिवसानंतर तिनं माझा फोन घेतला न्हाई. हिंगोलीत दिसली तर रस्ता ओलांडून गेली. मला वाटलं, मी ताईपुढं तोंड उघडलं न्हाई, म्हणून किळस आली तिला माझी. नऊ वर्षं तेच धरून राहिलो. तू काय म्हणली व्हतीस तिला?"

इथे खोटं बोलता आलं असतं. सवय होती.

"म्हणलं, तुलाच ती नको व्हती," मी म्हणाले. "रंगाचं म्हणलं."

आत वडील खोकले, थांबले. त्यानं कागद उचलला, घडीवर घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. उठून रांजणापाशी गेला, पायांवर पाणी घेतलं आणि ओल्या पायांनी घरात जायला निघाला. उंबऱ्यापाशी थांबला, पण वळला नाही.

"रविवारी सेनगावकडं एक स्थळ हाय," तो म्हणाला. "नऊ वाजता घ्यायला येतो. तयार राहा."

"अजून कशाला रे?" मी म्हणाले. "तुला करायचंय का लग्न?"

"न्हाई," तो म्हणाला. "तुला पाहायला न्यायचंय."

रविवारी तो नऊला आला. मी मोटारसायकलवर मागे बसले. त्या घरात पोरीच्या आईनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "लांबून आलात, पाय धुवून घ्या."